बोट सुटेपर्यंतची मुंबई

मराठवाड्याला समुद्र नाही, पण मराठवाड्याच्या पुष्कळ गाड्या समुद्राच्या अंगणातच जाऊन थांबतात. देवगिरी, तपोवन, लातूर एक्सप्रेस, नवी वंदे भारत, सगळ्यांचं शेवटचं स्टेशन सीएसएमटी. गोव्याच्या नि लक्षद्वीपच्या क्रूझ जिथून सुटतात तो बॅलार्ड पिअर तिथून दीड किलोमीटरच्या आत. हे ध्यानात नसतं म्हणून माणसं दादरला उतरतात, कुणाच्या तरी घरी बॅगा टाकतात, सकाळी सिद्धिविनायक, दुपारी जुहू असा बेत आखतात आणि बोटीची वेळ जवळ आली की टॅक्सीत बसून सिग्नल मोजतात. बोटीच्या दिवशी मुंबई बघायची ती स्टेशन आणि धक्का यांच्यामधली. बाकीची मुंबई कुठे पळून जात नाही.

देवगिरी रात्री संभाजीनगर सोडते आणि सकाळी सातच्या सुमाराला सीएसएमटीला लागते. बोर्डिंग दुपारचं असेल तर हीच सोयीची. फिरायला चार-पाच तास मिळतात. वंदे भारतचा मोह त्या दिवशी आवरावा, कारण नांदेडहून पहाटे निघूनही ती दुपारीच पोचते. जीवाला घोर नको असेल तर आदल्या दिवशीची तपोवन धरावी आणि रात्री फोर्टात कुठेतरी पाठ टेकावी. मनमाड ते परभणी बराचसा रूळ अजून एकेरी आहे. क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की राहिली. दोन तासांचा उशीर हिशेबात धरून चाला. बंदरातून जहाज बाहेर काढायला पोर्टचा पायलट (जहाजाला वाट दाखवणारा) आणि टग (जहाज ओढणारी बोट) ठरलेल्या वेळेला येतात, त्यामुळे मागे राहिलेल्या पाहुण्यांसाठी कप्तानाला थांबता येत नाही.

उतरल्यावर पहिलं काम बॅगांचं. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. चेनच्या बॅगेला बसेल असं बारकं कुलूप घरूनच आणावं. बॅगा ओढत गेटवेला जाणं हा शुद्ध छळ आहे, तिथल्या तपासणीच्या रांगेत तर फारच.

मग रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि मागे वळून स्टेशनकडे बघायचं. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं हे काम चाललं, आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. दगडातली पानं-फुलं, पक्षी, प्राणी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. ज्यांची अर्धी हयात याच स्टेशनात गाडी पकडण्यात गेली त्यांनीही ते दोघे पाहिलेले नसतात. शेजारीच जनरल पोस्ट ऑफिस, १९१३ चं. त्याचा घुमट वास्तुशिल्पकार जॉन बेगने विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. नळदुर्गचा पाणीमहाल ज्या आदिलशाहीने बांधला तिचीच ही सावली, म्हणून आपल्याकडच्या माणसाला ती इमारत परकी वाटत नाही. आत जाऊन घुमटाखाली उभं राहता येतं. कुणी हटकलं तर पोस्टाची तिकिटं घ्यावीत.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की हॉर्निमन सर्कल. मधे गोल बाग, भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती, पूर्वेला एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल. १८३३ चा हा हॉल, तीस पायऱ्या, समोर आठ जाडजूड खांब, आणि त्यांचा दगड म्हणे इंग्लंडहून आणलेला. सह्याद्री दाराशी असताना दगड जहाजात घालून आणायचा, ही सरकारी कामाची रीत तेव्हापासूनच आहे. पायऱ्या चढून वर जावं आणि बागेकडे तोंड करावं. ही बाग होण्याआधी इथे मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठी उघड्यावर रचलेल्या असत. बाजार पुढे कुलाब्याला गेला, नंतर हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीनला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इथल्या गाठींना सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि मुंबईतल्या बँका नि पेढ्या बसल्या. परभणी-जालन्याच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

बंदराशी आपलं नातं त्याहूनही जुनं आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावं आहेत: पैठणहून अकीक, तेरहून कापड, गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. तेव्हा मुंबई खाडीतली सात बेटं होती. माल आपला, जहाज दुसऱ्याचं, ही वाटणी दोन हजार वर्षं चालत आलेली आहे.

हॉर्निमनहून पश्चिमेला पाच-सात मिनिटांवर हुतात्मा चौक. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या बाजूला मशाल धरलेले शेतकरी नि कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे झालेल्या गोळीबारात १५ माणसं गेली. तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात नव्हताही: निजामाकडून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला. कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत हे ठिकाण ‘फोटो पॉइंट’ म्हणून असतं आणि पाच मिनिटांत उरकलं जातं. तिथे नावांची पाटी वाचायला थांबावं.

उन्हाचं एक सांगायला हवं. परभणीच्या ४३ अंशांत वाढलेल्याला मुंबईचे ३३ म्हणजे गंमत वाटते, आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्याकडची हवा कोरडी, घाम येतो तसा उडून जातो आणि अंग गार राहतं. इथे हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम उडत नाही, नुसता निथळत राहतो, आणि दोन तास चाललं की डोकं जड होतं. तहान लागेपर्यंत थांबू नये. मीठ घातलेलं लिंबूपाणी घ्यावं, आजी-आजोबा बरोबर असतील तर अकराच्या आत चालणं संपवावं आणि गेटवेपर्यंत टॅक्सी करावी.

गेटवे ऑफ इंडिया, बॅलार्ड इस्टेट आणि पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या तिन्ही ठिकाणी एकाच वास्तुशिल्पकाराचा हात आहे, जॉर्ज विटेट. गेटवे १९२४ मध्ये पुरा झाला. २६ मीटर उंच, पिवळसर बेसाल्टचा. वेरूळ कोरलं तोही बेसाल्टच, फक्त इथला उजळ. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बोटीकडे गेली. पण कमानीपेक्षा तिच्या मागच्या पायऱ्या जास्त बघण्यासारख्या. ओहोटी असली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, हिरव्या शेवाळाने माखलेल्या, आणि शेवाळ जिथे थांबतं तिथे एक सरळ रेघ दिसते. भरतीचं पाणी तिथवर येतं. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं, दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. म्हणून तर इथल्या गोद्यांना दरवाजे लावावे लागले, आतलं पाणी ओहोटीबरोबर निघून जाऊ नये म्हणून. शेवाळावर मात्र पाय ठेवू नका. सेल्फीच्या नादात घसरणारे रोज असतात, आणि बोटीच्या दिवशी मुरगळलेला घोटा फारच महागात पडतो.

एलिफंटाचं काय, हा प्रश्न येतोच. नको. लाँचला जायला तास, यायला तास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, सोमवारी लेणी बंद, आणि वारा वाढला तर लाँच परत कधी लागेल याचा भरवसा नाही. त्रिमूर्ती अप्रतिम आहे, पण कैलास लेणं ज्याच्या दाराशी आहे त्याने तिच्यासाठी बोट चुकवावी असं काही नाही.

जेवण उरलं. बरोबर आणलेले धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत संपवायची, कारण घरचं खाणं क्रूझवर बहुतेक आत नेऊ देत नाहीत. तपासणीत आणखी जे काढून घेतात ते पाहण्यासारखं असतं: पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड. तारांचा भार वाढून आग लागली तर समुद्रात बंब येत नाही, म्हणून हा नियम कडक. आजोबांच्या चंचीतला अडकित्ताही धारदार वस्तूंत धरतात आणि तंबाखू-गुटखाही राहत नाही, त्यामुळे टेबलापाशी एखादा तरी चेहरा अगदी गरीब झालेला दिसतो.

आता धक्क्याचा पत्ता. टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ’ म्हणालात तर तो भाऊच्या धक्क्याला नेईल, ‘बोट’ म्हणालात तर गेटवेला. त्याचीही चूक नाही: मांडव्याची रो-रो (मोटारीही नेणारी बोट) भाऊच्या धक्क्याहून सुटते, लाँच गेटवेहून, आणि २०१८ मध्ये सुरू झालेली गोव्याची आंग्रिया क्रूझ भाऊच्या धक्क्याच्या बाजूनेच निघायची. ‘बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट’ असं सांगावं. अंतर कमी म्हणून कुणी यायला कुरकुरला तर ॲपवरून गाडी बोलवावी.

बॅलार्ड इस्टेट हा भाग गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर उभा आहे, १९१४ ते १९१८ मधला. रुंद रस्ते, एका उंचीच्या इमारती, आणि मुंबईत असूनही रविवारी शुकशुकाट. १९१२ मध्ये पंजाब मेल इथल्याच धक्क्यावरच्या स्टेशनातून सुटत असे. विलायतेहून आलेला साहेब जहाजातून उतरून थेट डब्यात. ते स्टेशन आता नाही.

गेटवर मोठी बॅग ताब्यात घेतात, तिला केबिन नंबरचा टॅग लावतात आणि ती केबिनपाशी पोचायला दोन-चार तास लागतात. शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, ओळखपत्र आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही, आणि लहान लेकराचंही लागतं. वेब चेक-इन घरी बसूनच करून घ्यावं. धक्क्यावर ते करत बसलेल्यांची रांग वेगळी आणि लांब असते. उलटीची गोळी बोट हलण्याच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

सुटताना कुठल्या बाजूला उभं राहायचं हे कुणी सांगत नाही. बोट बंदरातून दक्षिणेकडे निघते तेव्हा मुंबई उजव्या हाताला असते: नौदलाची गोदी, गेटवे, ताज, मग कुलाबा. कुलाब्याच्या टोकाबाहेर खडकावर १८७५ चं प्राँग्ज दीपगृह आहे. ते मागे पडलं की लगेच डाव्या बाजूला यावं, कारण कोकणचा किनारा तिकडे. उजवीकडे नुसता सूर्य आणि अरबी समुद्र. तास-दीड तासाने डावीकडे खांदेरी लागते. महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेली, आणि २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक. अंधार पडला असेल तर तिथल्या दीपगृहाचा दिवाच तेवढा दिसेल. नेमकी याच वेळेला जेवणाची घोषणा होते आणि सगळा डेक रिकामा होतो. पळायचं कारण नाही. बुफे दोन-तीन तास चालू असतो, खांदेरी अर्ध्या तासात मागे जाते.