रिकाम्या चौकटी आणि एक वजा चिन्ह

प्रबंधासाठी सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये फिरून शिक्षकांकडून ४१२ फॉर्म जमवले होते. कामाचा ताण, समाधान आणि मुख्याध्यापकांचं वागणं यांचं नातं एसईएमने, म्हणजे अनेक गोष्टींमधले संबंध एकाच मॉडेलमध्ये मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, तपासायचं होतं. एमॉस या सॉफ्टवेअरमध्ये गोल-चौकोन काढले, बाण जोडले, बटण दाबलं आणि गाडी अडली: डेटात रिकाम्या जागा आहेत, आधी 'मीन्स अँड इंटरसेप्ट्स'वर टिक करा. केली. मॉडेल चाललं, तर मॉडिफिकेशन इंडायसेस, म्हणजे मॉडेल कुठे सुधारता येईल ते सुचवणारे आकडे, मिळेनात. अपुऱ्या डेटावर एमॉस ते देतच नाही.

मित्र म्हणाला, "रिकाम्या जागी सरासरी टाक आणि मोकळी हो." टाकली. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "व्हेरियन्स किती घटला, बघितलंस का?" नव्हता बघितला. सगळ्या भोकांत एकच आकडा कोंबल्यावर व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांमधला विखुरलेपणा, घटणारच.

मग फॉर्मचे गठ्ठे जमिनीवर पसरून बसले. रिकाम्या चौकटी बहुतेक मुख्याध्यापकांबद्दलच्या प्रश्नांसमोर, आणि त्याही ठरावीक शाळांच्या. त्या शाळांत फॉर्म गोळा करून दिले होते खुद्द मुख्याध्यापकांनी! मला एक फेरी वाचली म्हणून मी खूश झाले होते. 'फुल इन्फर्मेशन मॅक्सिमम लाइकलिहूड' (रिकाम्या जागा न भरता, असलेल्या सगळ्या उत्तरांवरून अंदाज काढायची पद्धत) वापरायचं तर उत्तर गाळण्यामागचं कारण हाताशी असलेल्या डेटात कुठेतरी दिसायला हवं. म्हणून 'फॉर्म कोणी गोळा केला' हा नवा रकाना केला आणि सहायक व्हेरिएबल म्हणून, म्हणजे फक्त रिकाम्या जागांचा हिशेब सुधारायला, जोडला. (ज्यांनी ते प्रश्न भरले, त्यांनी तरी खरं लिहिलं असेल का, यावर कुठल्याच सॉफ्टवेअरकडे औषध नाही.)

बहुतेकांनी ४ आणि ५ वरच खुणा केल्या होत्या, त्यामुळे नॉर्मल वितरण विसरायचं. आर या सॉफ्टवेअरमधलं लव्हान हे पॅकेज घेतलं, नॉर्मल नसलेल्या डेटालाही चालणारी एमएलआर ही अंदाज काढायची पद्धत लावली. तो प्रश्न तासाभरात मिटला.

वजा चिन्हाने मात्र आठवडा खाल्ला. ताणाच्या एका प्रश्नाचा एरर व्हेरियन्स, म्हणजे घटकाने न उलगडलेला उरलेला भाग, ऋण! व्हेरियन्स म्हणजे वर्गांची सरासरी; वर्ग कधी ऋण असतो का? ताण या घटकाचे तीनच प्रश्न, म्हणून कागदावर हिशेब मांडला. पहिल्या-दुसऱ्यातला सहसंबंध ०.९०, पहिल्या-तिसऱ्यातला ०.४५, दुसऱ्या-तिसऱ्यातला ०.४०. पहिल्याच्या लोडिंगचा (प्रश्न घटकाशी किती जोडलेला, ते सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग म्हणजे ०.९० गुणिले ०.४५ भागिले ०.४०, उत्तर १.०१. एकाच्या वर गेला, म्हणून एकातून तो वजा केल्यावर उरलेली चूक शून्याखाली. प्रश्न वाचले: 'काम संपेपर्यंत मी थकून जाते/जातो' आणि 'दिवसाअखेर मला थकवा येतो'. एकच प्रश्न मी दोनदा विचारला होता.

व्हेरियन्स ०.००५ वर बांधून टाकायची पळवाट माहीत होती. मॅडमना विचारायचंही धाडस झालं नाही. दुसरा प्रश्न काढला, उरलेल्या दोन प्रश्नांवर घटक तोलेना म्हणून समाधानाच्या बाजूचा आराखडा बदलून तो पुन्हा बसवला, आणि मर्यादांच्या प्रकरणात पहिलं वाक्य लिहिलं: काही शाळांत फॉर्म मुख्याध्यापकांमार्फत गोळा झाले.