ऑल-सीझन टायर घेतले एकदाचे, पण आधी १२० युरो घालवून

पुण्यात असताना टायर हा विषय पंक्चर झालं तरच निघायचा. पंक्चरवाला म्हणायचा, साहेब टायर गुळगुळीत झालाय, आणि आपण म्हणायचो बघू, एवढा पावसाळा निघू दे. फ्रँकफर्टला आल्यावर कळलं की इथे टायरलाही ऋतू असतात. 'ओ बिस ओ' म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न, ऑस्टर्न म्हणजे ईस्टर, हिवाळी टायर आणि मग उन्हाळी. माझ्या सेकंडहँड फोक्सवॅगन गोल्फ गाडीबरोबर दोन्ही सेट आले होते, एक गाडीला आणि एक केलरमध्ये म्हणजे तळघरात, बायकोच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. वर्षातून दोनदा ते चार टायर जिने चढवून आणायचे, गॅरेजची अपॉइंटमेंट ऑक्टोबरात मिळत नाही म्हणून स्वतःच जॅक लावायचा, मग ५० किलोमीटर चालवून बोल्ट परत आवळायचे. पाच वर्षं केलं हे. कंबरेने राजीनामा दिला.

२०२४च्या ऑक्टोबरात हिवाळी सेट बाहेर काढला आणि सहज डॉट नंबर, म्हणजे टायर कधी बनला ते सांगणारा आकडा, बघितला तर ३८१४, म्हणजे २०१४चा अडतिसावा आठवडा. दहा वर्षं! नक्षी किती खोल उरलीय ते दोन युरोचं नाणं खाचेत घालून बघितलं, त्याची चंदेरी कड साधारण ४ मिमीची असते, ती सगळी दिसत होती. जर्मनीत कायद्याने १.६ मिमी चालतं, पण आम्ही नाताळात ऑस्ट्रियाला जातो आणि तिथे ४ मिमीच्या खाली गेलेला टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. म्हणजे हा सेट गेला.

मग म्हटलं आता दोन सेटची भानगडच नको. आमच्याकडे बर्फ पडतो किती, तर वर्षातून मोजके दिवस, त्यातही दुपारपर्यंत चिखल. माझं वर्षाचं रनिंग बारा हजारांच्या आसपास, बहुतेक ऑफिस आणि घर. खरा बर्फ लागतो तो तीन-चार ट्रिपांना. अशा माणसासाठीच ऑल-सीझन, म्हणजे बारा महिने तेच चालणारे टायर असतात. आल्गॉयमध्ये, आल्प्सच्या पायथ्याशी राहत असतो तर मी हा विचार केला नसता हे आधीच सांगतो.

आता माझा शहाणपणा ऐका. क्लासिफाइडमध्ये जाहिरात दिसली, चार ऑल-सीझन टायर, रिमसकट, १२० युरो, भरपूर नक्षी शिल्लक. माझ्यातला पुणेकर जागा झाला, अंधारात पार्किंगमध्ये मोबाईलच्या टॉर्चवर नाण्याने खोली मोजली, साइज बघितली २०५/५५ आर १६, बाजूला एम+एस लिहिलेलं होतं, पैसे देऊन टायर डिकीत टाकले पण. शनिवारी ओळखीच्या टर्किश मेकॅनिककडे नेले. त्याने टायर आडवा टाकला, बाजूची भिंत फडक्याने पुसली, गोल फिरवून बघितली आणि मला म्हणाला, डोंगर कुठाय?

डोंगर म्हणजे तीन शिखरं आणि आत बर्फाची चांदणी, ते चिन्ह. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ती अक्षरं कंपनी आपली आपण छापते, त्यासाठी चाचणी लागत नाही. डोंगराचं चिन्ह मात्र बर्फावरची चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीत २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या नुसत्या एम+एस टायरना हिवाळी म्हणून चालायची सूट होती, ती ३० सप्टेंबर २०२४ला संपली. माझे टायर २०१६चे आणि तारीख १२ ऑक्टोबर. बारा दिवसांनी हुकलो. बर्फात पकडलं असतं तर ६० युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट. खासगी विक्री, त्यामुळे पैसे परत वगैरे विसरायचं. बायको एवढंच म्हणाली, "अरे, निदान उजेडात तरी बघायचे होतेस."

मग मात्र नीट बसलो. एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या टायर चाचण्या वाचल्या, मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २, गुडइयरचा व्हेक्टर फोर सीझन्स आणि कॉन्टिनेंटलचा ऑलसीझनकॉन्टॅक्ट २ असे तीन उरले. खरं सांगायचं तर या तिघांत मला रोजच्या चालवण्यात फरक कळला असता असं वाटत नाही. युरोपियन लेबलवर ओल्या रस्त्याच्या ग्रिपचं अक्षर बघितलं, कारण इथे बर्फापेक्षा पाऊस जास्त, आणि त्याच लेबलवर डोंगराचं चित्रही असतं ते तर बघितलंच. लोड आणि स्पीडचा आकडा गाडीच्या कागदांशी जुळवला, ९१ व्ही. शेवटी कॉन्टिनेंटल घेतले, फिटिंग धरून पाचशेच्या थोडे आत गेले. मेकॅनिकने चढवताना बाण दाखवला, टायर त्याच दिशेने फिरला पाहिजे, त्यामुळे पुढचे मागे करायचे तर त्याच बाजूला, डावीकडचा उजवीकडे नाही.

खरी परीक्षा फेब्रुवारीत, श्वार्झवाल्ड म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधल्या फेल्डबर्ग डोंगरावर. आमच्या घराजवळ टाउनुसमध्येही एक ग्रोसर फेल्डबर्ग आहे ८७९ मीटरचा, हा दुसरा, १४९३ मीटरचा, गफलत करू नका. टिटिसे गावापर्यंत रस्ता काळा होता, पुढे पांढरा. एका रिकाम्या पार्किंगमध्ये वीसच्या स्पीडला मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला, पेडलखाली चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची टकटक झाली आणि गाडी सरळ थांबली, पण मी मनात धरलं होतं त्याच्या बरीच पुढे. उतरताना मग आपला जुना नियम, ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरायचा. मागे एक ऑडी येऊन चिकटली होती, चिकटू दे म्हटलं.

तक्रार म्हणाल तर उन्हाळ्यात. जुलैत पस्तीस डिग्रीला ऑटोबानवर स्टिअरिंग जरा मऊ लागतं, आणि ब्रेकही उन्हाळी टायरसारखा कडक लागत नाही, अंतर जास्त ठेवतो. या ऑक्टोबरात मोजले तर पुढचे साडेपाच मिमी आणि मागचे सहाच्या वर, फ्रंट व्हील गाडी असल्याने पुढचेच आधी झिजतात, म्हणून अदलाबदल करून घेतली. ते १२० युरोवाले टायर अजून केलरमध्येच आहेत, त्यांच्यावर आता लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात.