नाथसागरावर पक्षी बघायला जाताय? आधी धरणाचा टक्का बघा

जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हटल्यावर कमान, तिकीट खिडकी आणि मनोरा असं चित्र डोळ्यापुढे येत असेल तर ते विसरा. इथे आहे तो नाथसागर, म्हणजे पैठणच्या धरणामागचा गोदावरीचा फुगवटा, आणि भोवतीची गावं. कुठल्या काठाला उभं राहायचं हे आपलं आपण ठरवायचं.

बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरणाची मूळ योजना होती. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र जुनंच राहिलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. जवळपास दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे. पाण्याखाली गेलेल्यांत गोदाकाठची काळी कसदार जमीनही होती. पाणी साठल्यावर पाखरं आली आणि १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं.

साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या या जलाशयात भरल्यावर २९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर निघते. उथळ ताटच म्हणा ना! पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर उघडा पडतो, आणि पाणपक्ष्यांना हवा असतो तो नेमका हाच पट्टा. धरण शंभर टक्के भरलं की सगळा मराठवाडा खूश असतो, पक्षी बघणाऱ्यांची मात्र पंचाईत होते.

आम्ही गेलो ते जानेवारीच्या शेवटी. संभाजीनगर-पैठण रस्त्यावरची बिडकीन, ढोरकीन ही गावं करत उजाडता उजाडता पिंपळवाडीच्या बाजूला उतरलो. पाण्यालगत गाळपेरीचा, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेला हरभरा होता. त्यापुढे भेगाळलेला गाळ, शिंपले, गोगलगाईंचे रिकामे शंख आणि शेकाट्या पक्ष्यांच्या तीन बोटांचे ठसे. त्याही पुढे चिखल इतका मऊ की पाय घोट्यापर्यंत रुतला. जाळं आवरत असलेले एक मामा म्हणाले, "पाणी उतरल्याबिगर पाखरू टेकत नाही बघा इथं. दिवाळीला आला असता तर नुसत्या लाटा मोजल्या असत्या."

पट्टकदंब हंस हरभऱ्यातच चरत होते. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्वच्छ दिसले. हिमालय ओलांडून आलेला पक्षी पैठणच्या हरभऱ्यावर ताव मारतोय म्हटल्यावर शेतकऱ्याला काय वाटत असेल, ते त्यालाच विचारा. चक्रवाक जोडीजोडीने काठावर, थापट्या आणि तलवार बदकं उथळ पाण्यात, आणि पाणकणसाच्या बेटात जांभळ्या पाणकोंबड्या. मुग्धबलाक करकोचे गोगलगाया वेचत फिरत होते. रोहित पक्षी फार लांब दिसले, एक गुलाबी रेघ तेवढी. त्यांच्यासाठी ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण हवीच.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. धरण पूर्वेला आणि जलाशय पश्चिमेकडे पसरलेला. त्यामुळे सकाळी पैठणच्या बाजूला ऊन पाठीवर राहतं. संध्याकाळसाठी पश्चिम टोकाचं कायगाव टोका बरं. पुण्याकडून येणाऱ्यांना ते वाटेतच लागतं. तिथे प्रवरासंगम आहे, जुनी देवळं आहेत आणि घाटावर बसून नदी सुरय पक्षी बघता येतात.

निघण्याआधी पेपरात जायकवाडीचा टक्का बघा (संभाजीनगरकरांना हे सांगायला नको, नळाला पाणीच तिथून येतं). डिसेंबरात साठा भरपूर दिसला तर बेत फेब्रुवारीवर ढकला. पिण्याचं पाणी आणि खाणं शहरातूनच घ्या. काठावर सावली नाही आणि स्वच्छतागृहही नाही. गाडी गाळावर घालू नका. वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो, मग ट्रॅक्टर शोधत बसावं लागतं. पेरलेल्या रानातून जाताना आधी विचारा, सहसा कुणी अडवत नाही. होडीवाले 'जवळ नेतो' म्हणतील, पण होडी जवळ गेली की अख्खा थवा उठतो, आणि लांबून आलेल्या पाखरांना ती उठबस महागात पडते. ड्रोन घरीच ठेवा, हे अभयारण्य आहे.

दुपारी पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन होऊन जातं. ज्ञानेश्वर उद्यानासाठी वेगळा वेळ काढावा असं मला वाटलं नाही. फाल्गुनात नाथषष्ठीचे दिवस मात्र टाळा. दिंड्यांनी रस्ते भरलेले असतात आणि पैठणमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही.