फॉर्म बी आणि पेशीच्या आतला रिसेप्टर

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी उंदरांवर प्रयोग करायचा तर प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. विषय, मॅडमची सही, औषधाचं कोटेशन, सगळं भराभर झालं. अडलं ते फॉर्म बीवर, म्हणजे मंजुरीच्या अर्जावर. मी लिहिलं होतं : सिग्मा-१ रिसेप्टर (औषध ज्याला चिकटतं ते प्रथिन), चेतापेशीच्या आत, आंतर्द्रव्यजालिकेवर (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यावर). फॉर्म परत आला, वर शेरा : 'रिसेप्टर पेशीपटलावर असतो. दुरुस्ती करावी.'

दुरुस्ती कसली? रूममेट म्हणाली, "कशाला हट्ट करतेस बे, मेंब्रेन लिही अन् मोकळी हो." मी नाही लिहिलं. माझा सगळा प्रयोगच त्या जागेवर उभा होता. तेवढ्यात आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा आली, बाहेरगावचे सदस्य येईनात, बैठक पुढे गेली. जानेवारीच्या तोंडावर फॉर्म देऊ नका, हे तेव्हा कळलं असतं तर बरं.

मग सात रस्ता चौकात झेरॉक्स काढून शेऱ्याचं उत्तर जोडलं. १९७६मध्ये हा रिसेप्टर ओपिऑइड रिसेप्टरचाच (अफूसारखी औषधं ज्याला चिकटतात त्याचाच) एक प्रकार मानला गेला. पुढे ते खोटं ठरलं. २००७मध्ये हायाशी आणि सू यांनी दाखवलं, की आंतर्द्रव्यजालिका जिथे तंतुकणिकेला (पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला) भिडते तिथे तो बीआयपी नावाच्या प्रथिनाला धरून असतो. औषध लागलं की सुटतो, आयपी-३ रिसेप्टर या कॅल्शियमच्या वाहिनीला सावरतो आणि कॅल्शियम तंतुकणिकेत जाऊ देतो.

पण समितीला पटलं ते २०१३च्या पेपरमुळे. कोकेन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत हाच रिसेप्टर केव्ही १.२ या पोटॅशियम वाहिनीशी जोडला जातो आणि पेशीतल्या वाहिन्या पटलावर जाऊ लागतात. पोटॅशियमचा प्रवाह वाढतो, पेशी सहजासहजी पेटत नाही, म्हणजे विद्युत संदेश सोडत नाही. म्हणजे रिसेप्टर आत, परिणाम पटलावर! हे एक वाक्य पहिल्याच पानावर लिहा, आकृती हाताने काढा. छापील आकृतीकडे कुणी बघत नाही.

बैठकीत एका सरांनी विचारलं, "औषध आत जाणार कसं?" उत्तर तयार होतं : फ्लुवॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषध मेदात विरघळतं, पटल ओलांडतं आणि सिग्मा-१ला घट्ट चिकटतं. सरांनी मान हलवली, सही केली. मला केवढं हायसं वाटलं!

आणखी एक, प्राण्यांची संख्या का हवी याचं गणित वेगळ्या कागदावर द्या. त्या रकान्यात जागा पुरत नाही.