लाईट जाते तिथला फिल्टर

माशांच्या मोठ्या टाकीला फिल्टर कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते? समोरचा गोंधळतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं. पण मी रत्नागिरीजवळच्या गावात राहते. जूनमध्ये वारा सुटला की कुठलीतरी फांदी तारांवर पडते, आणि मग वायरमनची वाट बघत बसायचं.

टाकी आमच्या घरी आली ती ह्यांच्या मित्राची बदली झाली म्हणून. चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे साधारण ४५० लिटर. सोबत दोन ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर असे मासे आणि एक कॅनिस्टर फिल्टर. पाणी, काच, वाळू मिळून वजन अर्ध्या टनाच्या वर, तेव्हा माडीवर ठेवायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या खोलीत, सासूबाईंच्या खुर्चीसमोर जागा मिळाली.

कॅनिस्टर मला आवडला होता, खोटं कशाला बोलू. टाकीखालच्या कपाटात झाकण लावलेली बादली, आत स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा. आवाज नाही, पसारा नाही. आम्ही त्याला घाण गाळायची चाळण समजत होतो. खरं काम रिंगांवर बसलेले जिवाणू करतात. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. त्यासाठी त्यांना सतत प्राणवायू लागतो.

जुलैतल्या एका रात्री साडेनऊला गेलेली लाईट सकाळी सातला आली. टाकीतल्या पाण्याला वरून थोडी तरी हवा लागते. बंद बादलीतल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणूंनीच संपवला आणि रात्रभरात ते आतल्या आत कुजले. सातला पंप आपसूक सुरू झाला आणि ते सगळं पाणी टाकीत आलं. खोलीभर सडक्या अंड्याचा वास. दुपारपर्यंत पाचही सिल्व्हर डॉलर गेले. ऑस्कर तगले, कमी प्राणवायूत तग धरणारी जात ती. बराच वेळ बंद पडलेला कॅनिस्टर आधी उघडून, आतलं पाणी ओतून, रिंगा धुऊन मगच चालू करायचा, हे मला त्यानंतर कळलं. पण पहाटे तीनला लाईट आली तर कोण उठणार?

म्हणून संप. टाकीच्या खाली दुसरी उघडी टाकी, ३६ बाय १५ बाय १५ इंचांची. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी पाइपातून खाली उतरतं, आधी उशीतल्या कापसासारख्या फायबरमधून आणि मग रिंगांमधून जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो. वर उघडं असल्यामुळे कॅनिस्टरसारखं कोंडून राहत नाही. काचवाल्याने मागच्या काचेला भोक पाडून दिलं (टफन्ड काच असेल तर हा नाद सोडा, ती फुटतेच). तोवर ऑस्कर निळ्या पिंपात, दोन स्पंज फिल्टरांच्या भरवशावर.

पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलं होतं. तो आकडा पाणी उंच चढवायचं नसेल तेव्हाचा. आम्ही पाइप वरपर्यंत नेऊन त्याखाली २० लिटरची बादली धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. ४० सेकंद. म्हणजे ताशी १८००. तासात टाकी चारदा फिरते, आम्हाला तेवढं पुरलं.

पहिल्या चाचणीत मात्र फजिती झाली. ह्यांनी पंपाचं बटण बंद केलं, लाईट गेली तर काय होतं ते बघायला. परतीच्या पाइपाचं तोंड पाण्यात चार इंच खाली होतं. पंप थांबताच पाइप उलटा ओढायला लागला. चार इंच ऐकायला कमी वाटतात, पण एवढ्या टाकीत ते ७५ लिटर होतात, आणि संप तर काठोकाठ भरलेला. "अहो, बटण लावा!" म्हणून मी ओरडेपर्यंत पाणी खुर्चीखाली. सासूबाई पाय वर घेऊन म्हणाल्या, "पावसाळा बाहेर पुरत नव्हता होय?"

आता पाइपाचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली आहे, पाण्याच्या रेषेलगत त्याला एक बारीक भोकही पाडलंय. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. संप अर्धाच भरतो. पंप इन्व्हर्टरवर नाही, त्यावर घरातले पंखे आहेत. पाच वॅटचा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर तेवढा इन्व्हर्टरवर, वर्षभर टाकीतच चालू. रिंगा मी टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घेते. आमचं पाणी विहिरीचं, त्यात क्लोरीन नाही, पण नळाचं पाणी असणाऱ्यांनी हे विसरू नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. जिवाणूंना बसायला दुकानातले नवे महागडे मीडिया घेतले नाहीत. जुन्या रिंगांच्या जोडीला भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्या भरल्या, तीन डझन.

एक गोष्ट राहिलीच. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि आंबट. पीएच घसरत गेला, म्हणजे आंबटपणा वाढला, की जिवाणूही मंदावतात. दुकानात त्यासाठी पोवळ्याचा चुरा मिळतो. आमच्याकडे तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या उकळून, घासून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत घालते आणि संपात सोडते. त्या हळूहळू विरघळतात आणि पीएच धरून ठेवतात. मागच्या रविवारी पिशवी हाताला हलकी लागली, तसं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच ह्यांना बाजारात पिटाळलं, माशांसाठी.