दिवसभर तेच, रात्री पुन्हा तेच?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. केंद्रात नव्याने लागलेल्या मुली विचारतात, नणंद विचारते, एकदा पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनीसुद्धा विचारलं होतं, "मॅडम, दिवसभर छळकुट्या नवऱ्यांच्या भानगडी निस्तरता आणि रात्री घरी जाऊन पुन्हा मालिकेतले अण्णा नाईकच बघता? वीट नाही येत?"

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. आणि नाही, वीट येत नाही. असली माणसं पडद्यावर बघायला मला मनापासून आवडतात. प्रत्येकाच्या पोटात एक राक्षस दडलेला असतो, तो अशा वेळी जागा होतो वगैरे जे सांगतात, ते काही माझ्या गळी उतरत नाही. अण्णांना बघून कुणाची जमीन बळकवावी असं मला कधी वाटलेलं नाही, शेजारच्या काकूंनाही वाटत नसावं. मला त्यातून मिळते ती खात्री.

आमच्याकडे येणारा माणूस कसा असतो ते ऐका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलीत बायकोच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या तारखेवार लावलेल्या. चपला बाहेर काढून आत येतो, सोबतच्या आईला आधी खुर्ची देतो. मी काहीही बोलले की, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम." आणि बायको? केस विस्कटलेले, आवाज चढलेला, सांगण्याचा पायपोस पायात नाही. मागल्या खेपेला म्हणाली दिवाळीत मारलं, आज म्हणते दसऱ्याला. मध्येच तो अगदी मऊ आवाजात म्हणतो, "तिला जरा विसरायला होतं," आणि ती एकदम गप्प होते. ते गप्प होणं मी वहीत टिपून ठेवते. पुरावा म्हणून त्याला कोण विचारतो? खरं कोण बोलतंय याचा अंदाज बहुतेक वेळा येतो, पण तो अंदाजच. डोक्यावर पंखा घरघरत असतो, मागे कुणी संगीत वाजवत नाही की त्याच्या डोळ्यांवर कॅमेरा नेत नाही.

अण्णांचं तसं नाही. 'रात्रीस खेळ चाले' या त्यांच्या मालिकेचा पहिला भाग २०१६ साली आला, तोच मुळी अण्णांच्या मरणाने सुरू झाला. २०१९ मध्ये दुसरा भाग आला, त्यात गोष्ट मागे गेली आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा जितेजागते समोर येऊन बसले. हा माणूस मरणार, घराची धूळधाण होणार, हे घराघरात आधीच ठाऊक. मग तो प्रेयसीकडे, शेवंताकडे निघाला काय नि कुणाच्या उरावर बसला काय, आपण पाय पसरून बघायला मोकळे. त्याच्या बायकोच्या, माईच्या वाट्याला काय आलं ते डोळ्यांदेखत दिसतं. तिला तारखा विचाराव्या लागत नाहीत.

ही गोडी टीव्हीने लावली असंही नाही. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ सालचं. लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूवाला नावं आणि वेश बदलून बायकांना लग्नाच्या जाळ्यात ओढतो, आणि प्रभाकर पणशीकर त्याची सगळी सोंगं एकटे वठवत. कोर्टात साक्ष निघते, बोट त्याच्याकडे दाखवलं जातं, आणि हा पठ्ठ्या थंडपणे म्हणतो, तो मी नव्हेच. मग फिरता रंगमंच फिरतो आणि हाच तो, हे आपल्याला उघड्या डोळ्यांनी दिसतं. न्यायाधीशांचं काय व्हायचं ते होवो, खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाचा निकाल झालेला असतो. फसलेल्या बाईचं बोलणं तिथे वाया जात नाही. माझ्या टेबलासमोर ते पुष्कळदा जातं, म्हणूनही असेल, पण पणशीकरांच्या ज्या जागांना हशा मिळे तिथे मला हसण्याआधी हायसं वाटतं.

आता यातली गोम सांगते. आपल्याला सगळं कळतं खरं, पण कळतं ते त्याच्या खांद्यावरून बघून. 'देवमाणूस' ही मालिका २०२० मध्ये सुरू झाली. आमच्याच जिल्ह्यात, वाईजवळ, २०१६ साली उघडकीला आलेल्या खून प्रकरणावर ती बेतलेली. किरण गायकवाडांनी केलेला तोतया डॉक्टर गावाचा लाडका. सरू आजीच्या इरसाल म्हणींना हसता हसता कधी आपण त्याच्या गोटात जाऊन बसलो, कळत नाही. प्रेत पुरायला निघालेल्या त्याला वाटेत कुणी आडवं आलं की आपला जीव टांगणीला लागतो, तो त्याच्यासाठी! मेलेल्या बाईचं नाव तोवर विसरलेलं असतं.

अमेरिकेतली 'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ चालली. कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा मास्तर अमली पदार्थ बनवायला लागतो, मग माणसं मारतो. प्रेक्षक त्याच्यावर फिदा. आणि लोकांनी राग राग केला कुणाचा? त्याच्या बायकोचा. तिचा गुन्हा एवढाच की ती त्याला जाब विचारते, मुलांना त्याच्यापासून लांब ठेवू बघते. ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी २०१३ च्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला, की पात्रावरचा हा राग थेट त्यांच्यापर्यंत येऊन पोचला. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे एखादीने अर्ज दिला की गावाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हिला तिथं काय कमी होतं?"

रोजच्या मालिकांचं आणखी एक दुखणं आहे. त्याला पकडला तर उद्या दाखवायचं काय? म्हणून मग गावचे सगळे बावळट होतात, पोलीस तर विचारूच नका. तिथे मात्र मी रिमोट उचलते. हवालदारसाहेबांचंही या बाबतीत माझ्याशी एकमत आहे.

नव्या मुलींना मी या मालिका बघू नका असं कधी सांगत नाही. उलट कामाला लावते. गेल्या खेपेला सांगितलं, माईच्या वतीने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज लिहून आणा. गोष्ट घडते त्या काळी हा कायदा नव्हता, ते सोडून द्या. तारीख, प्रसंग, काय मागणी आहे, सगळं लिहायचं. पहिल्या पानात पोरी अडकल्या. "मॅडम, आपण तर सगळं बघितलंय, पण हे सिद्ध कशावरून करायचं?" मारहाण झाली तेव्हा घरात कोण कोण होतं ते आठवून लिहिलं, त्यातलं अण्णांच्या विरोधात तोंड कोण उघडेल म्हणून एकेक नाव खोडलं, आणि शेवटी साक्षीला उरला त्यांचा विसराळू गडी पांडू. पांडू कोर्टात उभा राहून 'इसारलंय' म्हणणार, यावर चहा येईपर्यंत हसू आवरत नव्हतं. अर्ज अजून अर्धाच आहे.