आधी सीट, मग गाडी: ज्युनिअर सिंगल-सीटर बांधतानाचा अनुभव

ज्युनिअर चालकांसाठी एका सीटची शर्यतीची गाडी बांधताना पहिल्या आराखड्यात आम्ही सस्पेन्शनची भूमिती आधी पक्की केली आणि चालकाला उरलेल्या जागेत बसवलं. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की बोटांची पेरं सांगाड्याच्या नळीवर घासायची, गुडघे डॅशच्या खालच्या नळीला टेकायचे. तो सगळा आराखडा बाजूला ठेवावा लागला.

दुसऱ्या वेळी प्लायवूड आणि लाकडी पट्ट्यांचा खोटा कॉकपिट उभा केला. ज्युनिअर गटात चालक दीड मीटर उंचीचाही असतो आणि १.८५ मीटरचाही, म्हणून दोन्ही टोकांची माणसं हेल्मेट, हातमोजे आणि बुटांसकट आत बसवली. पेडल बॉक्स १२० मिमी मागेपुढे सरकणारा ठेवला; सीट दोन घटकांच्या फोमची, प्रत्येकाला वेगळी ओतलेली. मुख्य रोल हूपच्या (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या, त्याच्या मागच्या कमानीच्या) माथ्यापासून पुढच्या हूपच्या माथ्यापर्यंत दोरी ताणून हेल्मेट तिच्या किमान ५० मिमी खाली राहतं का, हे उंच चालकावर तपासलं. पेडलवरची पावलं पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या मागेच राहतील, अशी ठेवली. चाकांमधलं अंतर, टाकीची जागा, इंजिनाची जागा हे सगळं त्यानंतर ठरलं.

नाकाच्या आघातशोषकाचा (धडकेत चेपून धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचा) हिशेब कागदावर करून बघाच. १२ मीटर प्रति सेकंद वेग आणि सरासरी २० जी (गुरुत्वत्वरणाच्या २० पट) मंदन धरलं, तर थांबायला साधारण ३७ सेंमी लागतात. अॅल्युमिनियम हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) त्याच्या लांबीच्या ७० टक्क्यांच्या आसपासच चेपतं, म्हणजे प्रत्यक्षात ५२ सेंमी लांबीचा ठोकळा हवा. नाक आखूड दिसावं म्हणून त्यातले दहा सेंमी कापायचा मोह होतो. कापू नये.

सांगाडा सीमलेस स्टीलच्या नळ्यांचा: बहुतेक २५ मिमी व्यासाच्या, १.६ मिमी जाडीच्या. हूपची नळी याहून बरीच जाड. नळ्यांच्या टोकांना नीट खाच पाडली नाही, तर फट वेल्डने भरावी लागते आणि तिथेच सांगाडा ओढला जातो. आधी सगळे सांधे टॅक करायचे, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी धरायचे, मग एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा सांधा घेत पूर्ण वेल्ड करायचे. आम्ही विशबोनचे (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या व्ही आकाराच्या भुजांचे) ब्रॅकेट आधीच लावून ठेवले होते. जिगमधून (वेल्ड करताना नळ्या जागेवर पकडणाऱ्या चौकटीतून) सोडल्यावर मागचा एक ब्रॅकेट ३ मिमी सरकलेला निघाला. तेव्हापासून सांगाडा पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्यावरच, जिगवरून मोजून ब्रॅकेट लावतो.

पिळाचा ताठपणा, म्हणजे सांगाडा पिळायला किती विरोध करतो ते, मोजायला महागडं काही लागत नाही. मागचं टोक घट्ट बांधायचं, पुढच्या टोकाखाली मधोमध टेकू द्यायचा, आडव्या दांड्यावर मध्यापासून १ मीटरवर ५० किलो टांगायचे. हा झाला सुमारे ४९० न्यूटन-मीटर पीळ. मध्यापासून अर्ध्या मीटरवरच्या डायल गेजने १.७५ मिमी दाखवले, तर पीळ ०.२ अंश आणि ताठपणा अंशाला अंदाजे २,४५० न्यूटन-मीटर. मागच्या बांधणीजवळही एक गेज लावा, नाहीतर पकडीची ढिलाई सांगाड्याच्या नावावर खपते. आमच्याकडे सर्वाधिक पीळ इंजिनाच्या उघड्या चौकटीत निघाला. इंजिन काढायला ती जागा मोकळी लागते, म्हणून तिथे बोल्टने निघणारा तिरका आधार दिला.

सस्पेन्शन दुहेरी विशबोन आणि पुशरॉडचं (चाकाची हालचाल स्प्रिंगपर्यंत नेणाऱ्या दांड्याचं). स्प्रिंग ४५ न्यूटन प्रति मिमी, चाकाच्या हालचालीच्या ०.७ पट स्प्रिंगची हालचाल. गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा असल्याने चाकाशी उरतात २२ न्यूटन प्रति मिमी. एका चाकाच्या कोपऱ्यावरचं झुललेलं (स्प्रिंगवर पेललेलं) वजन ८७ किलो धरलं, तर वर-खाली डोलण्याची वारंवारता २.५ हर्ट्झ येते. पंखांमुळे हवेचा खाली दाब फारसा नसलेल्या गाडीला एवढी पुरे. नवखे लोक वर्ग घ्यायला हमखास विसरतात आणि मग स्प्रिंग मऊ का वाटते म्हणून डॅम्परला दोष देतात.

बंपस्टीअरवर (चाक वर-खाली होताना आपोआप वळण्यावर) सर्वात जास्त वेळ गेला, आणि तो तिथेच जायला हवा. स्प्रिंग काढून चाक २५ मिमी वर, २५ मिमी खाली हलवायचं आणि दर ५ मिमीला टो (चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते) नोंदवायचा. आलेख तिरकी सरळ रेघ असेल, तर टाय रॉडच्या (स्टीअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याच्या) एका टोकाची उंची चुकली आहे. बाहेरच्या रॉड एंडखाली (दांड्याच्या टोकाच्या फिरत्या सांध्याखाली) वॉशर घालून ती सुधारते. आलेख वाकडा असेल, तर रॉडची लांबीच भूमितीला जुळत नाही, तिथे वॉशर उपयोगाचे नाहीत. रॉड एंडच्या आट्यांवर वाकवणारा भार येऊ देऊ नये; रॉड एंड तिथूनच तुटतो.

ज्युनिअर चालक कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) चढणार आणि दुसऱ्याच्या चाकाला चाक लावणार, हे धरूनच चाललं पाहिजे. म्हणून विशबोनची नळी मुद्दाम सांगाड्यावरच्या ब्रॅकेटपेक्षा कमजोर ठेवली. वाकलेली विशबोन बदलता येते, पण ब्रॅकेट फाटला की गाडी पुन्हा जिगवर. पुढच्या डाव्या-उजव्या विशबोन एकच केल्या, म्हणजे सुटे भाग निम्मे झाले.

पहिल्या चाचणीत लांब वळणात तेलाचा दाब पडायचा. तेल तळपात्राच्या एका बाजूला चढून पंपाची नळी उघडी पडत होती. पातळी वाढवली, तर तेल ब्रीदरमधून (इंजिनाची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर आलं. शेवटी एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपांचे पडदे पात्रात बसवले. इंजिन तापण्याचं कारण त्यामानाने साधं निघालं: साइडपॉडमधली (गाडीच्या बाजूच्या कप्प्यातली) हवा रेडिएटरच्या कडेने निसटत होती, कडेला फोमची पट्टी लावली.

कोपऱ्यांची वजनं (प्रत्येक चाकावर येणारा भार) घेताना चालक किंवा तेवढंच वजन सीटवर हवं, अर्धी टाकी इंधन, टायरचा दाब नेमका आणि अँटीरोल बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) एक बाजू सोडलेली. चाकांखालचे वजनकाटे एका पातळीत नसतील, तर सगळे आकडे फसवे. पुशरॉडची लांबी बदलून डावं पुढचं आणि उजवं मागचं मिळून एकूण वजनाच्या ५० टक्के आणायचं, बार विनाताण जोडायचा आणि नटवर रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली, तर सेटअपला हात लावण्याआधी तो नट कसायचा.